हौस, सक्ती आणि काळं ऑईल

मोटरसायकल घरच्या घरी उघडून दुरुस्त करणं याला लोक हौस म्हणतात. सुट्टीच्या दिवशी दारात गोणपाट अंथरायचं, पाने मांडायचे, प्लग काढून घासायचा, साखळी ताणायची, ऑईल बदलायचं. कोपरापर्यंत हात काळे. मीही हे करतो. तिघांच्या हातनं फिरून आलेली शंभर सीसीची जुनी गाडी आहे माझ्याकडे. पण मला छळणारा प्रश्न गाडीचा नाही. तेच काळे हात एकाची हौस ठरतात आणि दुसऱ्याचं नशीब ठरतात, हे कसं? ऑईल तर दोघांचं एकाच डब्यातलं.

बंगल्याच्या फाटकात साहेबाचा मुलगा बुलेट उघडून बसला, की येणारे-जाणारे कौतुकानं थांबतात. काय नाद आहे पोराला, म्हणतात. तिथनं दोनशे पावलांवर गॅरेजात वस्तीतला पोरगा तसलाच प्लग तसल्याच पान्यानं काढत असतो. त्याच्या कामाला कुणी नाद म्हणत नाही. त्याला 'ए छोटू' म्हणतात. त्याचं खरं नाव विचारायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. काम तेच, पाना तोच. फरक एवढाच की साहेबाचा मुलगा कंटाळा आला तर हात धुऊन आत जाऊ शकतो. ह्या पोराला उठता येत नाही. म्हणजे हौस आणि सक्ती यांच्यातला फरक हातात नाही, उठून जाता येण्यात आहे.

अमेरिकेत रॉबर्ट पिरसिग नावाच्या माणसानं १९७४ साली मोटरसायकलच्या देखभालीवरनं तत्त्वज्ञानाचं पुस्तक लिहिलं. १९६८ साली तो पोराला मागं बसवून मिनेसोटातून कॅलिफोर्नियापर्यंत गेला, त्या प्रवासावर ते बेतलेलं आहे. यंत्राकडे मन लावून बघणारा आणि यंत्राला भिणारा अशी माणसांत फूट पडलीय, आणि मन लावून केलेल्या कामातच गुणवत्ता सापडते, असं त्याचं म्हणणं. ते खोटं नाही. पण तुझ्या हातांनी हे करायचं आणि ते शिवायचं नाही, असं त्याला जन्मताच कुणी सांगितलं नव्हतं. आपल्याला सांगितलं होतं. म्हणून आपला प्रश्न त्याच्या पुस्तकात सुटत नाही. तो आपला आपल्यालाच सोडवायला लागणार.

चळवळीतल्या एका मित्रानं मला तोंडावर विचारलं, "बाबासाहेबांनी आपल्याला घाणीतनं बाहेर काढलं. शिका म्हणाले. आणि तू सुट्टीच्या दिवशी आपखुशीनं हात काळे करतोस? हे मागं जाणं नाही काय?"

प्रश्न हसण्यावारी न्यावा असा नाही. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस टाका असं बजावून सांगितलं. त्यानंतर गावोगाव आपल्या आज्या-पणज्यांनी मेलेलं ढोर ओढायचं नाकारलं. त्यापायी बहिष्कार सोसला, मार खाल्ला, उपाशी राहिले. त्यांच्या नातवानं पुन्हा घाणीत हात घालावा का?

पण त्यांनी टाकलं ते काय, हे नीट बघू या. त्यांनी हातानं काम करणं टाकलं का? मुळीच नाही. ढोर टाकून ते गिरणीत गेले, गोदीत गेले, रेल्वेच्या रुळावर गेले, खडी फोडली. त्यांनी टाकलं ते जन्माबरोबर गळ्यात बांधलेलं काम. जात म्हणजे श्रमाची विभागणी नसून श्रम करणाऱ्या माणसांची उतरंड आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये मांडलं. तिथंच त्यांनी हेही दाखवलं की आवड न बघता, लायकी न बघता, आधीच ठरवून दिलेल्या कामात माणसाचं मन लागत नाही आणि डोकंही लागत नाही. म्हणजे घाण ढोरात होती त्यापेक्षा त्या ठरवून देण्यात जास्त होती. हे विसरून आपण हातकामालाच नाक मुरडायला लागलो, तर मनूला पुढच्या दारानं हाकलून मागच्या दारानं पाट-पाणी दिल्यासारखं होईल.

आणखी एक गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही. आपल्याला घाणीपासून कुणी कधी अडवलं नाही. अडवलं ते यंत्रापासून. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात पगार चांगला होता, आणि त्या खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. कारण काय, तर धोट्यात नवीन कांडी घातली की सुताचं टोक तोंडानं ओढून काढावं लागायचं. अस्पृश्याच्या तोंडचा धोटा सवर्ण कामगार तोंडाला कसा लावणार? १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना हा सवाल केला, तेव्हा कुठं ही मागणी नाखुशीनं यादीत घेतली गेली. पुढं फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या दलित कामगारांपुढं बोलताना त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. रेल्वेच्या वर्कशॉपात आपला माणूस मेकॅनिक म्हणून सापडत नाही, फोरमन म्हणून सापडत नाही. तो हमाल म्हणून लागतो आणि हमालच राहतो. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले ते त्याच भाषणात. म्हणजे ओझं उचलायला आपले हात चालत होते. यंत्र समजून घ्यायला चालत नव्हते.

मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर आहे. तुटलेला धागा सांधायचा, भरलेल्या बॉबिनी उतरवायच्या, रिकाम्या चढवायच्या. फ्रेम अडली की मी बाजूला होतो. फिटर येतो, झाकण उघडतो, बघतो, बंद करतो, जातो. आठ तास ज्या यंत्राशी माझा संसार, त्याच्या पोटात काय आहे ते बघायची मला मुभा नाही. नियम सुरक्षेचा आहे, बरोबरही असेल. पण काय बिघडलं होतं हे सांगायलाही कुणी थांबत नाही. हात माझे आणि कारण दुसऱ्याचं. मोटरसायकल हे एकच यंत्र असं आहे की ज्याचं झाकण उघडायला मला कुणाला विचारावं लागत नाही. म्हणून मी ते उघडतो. ह्याला हौस म्हणायचं तर म्हणा.

आता उघडून काय करायचं ते सांगतो. ह्या कामात विचार करायची एक रीत आहे आणि ती आपल्या कामाची आहे.

गाडी चालू होत नाही. इंजिनाला तीन गोष्टी लागतात. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण, ते मिश्रण दाबणारा पिस्टनचा दाब आणि वेळेवर पडणारी ठिणगी. तिन्ही असतील तर इंजिन पेटलं पाहिजे. पेटत नाही म्हणजे तिन्हीतलं काहीतरी नाही. मग एकेक तपासायचं. प्लग काढायचा, परत त्याच्या टोपीत बसवायचा, त्याचं धातूचं अंग इंजिनाला टेकवायचं, प्लगच्या भोकापासून आणि सांडलेल्या पेट्रोलपासून लांब ठेवायचं आणि किक मारायची. निळी ठिणगी पडली तर करंट आहे. मग पेट्रोलकडे जायचं. कॉकमधून कार्बोरेटरपर्यंत येतंय का? वाटीत पाणी, कचरा साठलाय का? जेट तुंबलाय का? एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी चालू झाली, तर गाडी सुधारते पण आपण अडाणीच राहतो.

प्लगचं टोकही बोलतं. बिस्किटासारखं तपकिरी असेल तर सारं ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय नाहीतर एअर फिल्टर तुंबलाय. पांढरं फटक असेल तर पेट्रोल कमी पडतंय, इंजिन तापतंय. तेलकट काळं असेल तर इंजिनाचं ऑईल वर चढून जळतंय, खर्च मोठा आहे. एवढ्याशा टोकावर सगळं लिहिलेलं असतं. वाचता आलं पाहिजे.

गेल्या पावसाळ्यात माझी गाडी सात-आठ किलोमीटर नीट चालायची आणि आचके देत बंद पडायची. दहा-पंधरा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. गॅरेजवाल्यानं प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला. फरक नाही. मग सल्ले आले. गाडी लाभत नाही, विकून टाक. आधीच्या मालकाचा अपघात झाला असंल. शनिवारी लिंबू-मिरची बांध. मी वहीत टिपून ठेवलं. टाकी भरलेली असली की लवकर बंद पडते, थांबलं की आपोआप सुधारते, थंड हवेतही तेच. म्हणजे तापल्यामुळं नाही. पुढच्या वेळी बंद पडल्याबरोबर टाकीचं झाकण उघडलं. फुस्स आवाज झाला, हवा आत ओढली गेली, आणि एका किकमध्ये गाडी चालू. टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं, ते चिखलानं बुजलं होतं. पेट्रोल खाली जाईल तशी वरनं हवा आत यायला पाहिजे. नाही आली तर आत पोकळी होते आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. तार घालून भोक मोकळं केलं. खर्च शून्य.

ह्यात नशीब कुठं होतं? लाभणं-न लाभणं कुठं होतं? कारण होतं, ते सापडलं, काढलं, दुःख गेलं. हे आहे म्हणून ते होतं, हे नाही म्हणून ते होत नाही, हा धम्माचा कार्यकारणभाव आपण विहारात ऐकतो. केसपुत्त गावच्या कालामांना बुद्धानं सांगितलं त्याचा अर्थ हाच की परंपरेनं आलं म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, गुरू सांगतो म्हणूनही नाही, स्वतः तपासा. आपल्यातले काहीजण बावीस प्रतिज्ञा पाठ म्हणतात आणि नव्या गाडीला लिंबू बांधतात. दसऱ्याला हार घालतात आणि वर्ष वर्ष ऑईल बदलत नाहीत. गाडीच्या बाबतीत जो नशीब मानतो तो जातीच्या बाबतीत कधी ना कधी नशीब मानणार. मागच्या जन्मीचं पाप ही आपल्याला सांगितलेली सगळ्यात जुनी लिंबू-मिरची आहे.

कुणी म्हणेल, आता नव्या गाड्या उघडून काय दिसणार? १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा आलं आणि नव्या गाड्यांतून कार्बोरेटर बहुतेक गेला. पेट्रोल किती सोडायचं ते संगणकाचा डबा ठरवतो आणि दोष वाचायला स्कॅनर लागतो. खरं आहे. धूर कमी झाला हेही चांगलंच. पण ज्ञान पुन्हा कुलपात चाललंय हेही बघा. २०२२ साली केंद्र सरकारनं दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली. म्हणजे आपली वस्तू आपण दुरुस्त करायलासुद्धा हक्क मागावा लागतो. आणि कुलपात ठेवलेलं ज्ञान मागण्याचा अनुभव आपल्याइतका कुणाला आहे?

आता शेवटची गोष्ट, आणि मला सगळ्यात अवघड वाटते ती हीच. ऑईल बदललं की खाली पाऊण-एक लिटर काळं ऑईल निघतं. साखळी धुतलेलं रॉकेल निघतं. ते कुठं जातं? दारातल्या गटारात. हौस आपली, गटार सगळ्यांचं. त्या गटारात उतरतो कोण? १९९३ साली हातानं मैला उचलण्यावर बंदीचा कायदा झाला, २०१३ साली दुसरा कडक कायदा झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गटारात मेलेल्याची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. म्हणजे माणसं मरायची थांबली नाहीत, किंमत वाढली. उतरणारा माणूस कुठल्या वस्तीतला हे तुम्हाला सांगायला नको. तो त्या विषारी हवेत उतरतो आणि त्याच्या अंगाला माझ्या हौसेचं काळं लागतं. मग माझ्यात आणि बंगल्यातल्या पोरात फरक काय राहिला?

म्हणून हौसेची कसोटी मी अशी लावतो. ज्या कामाची घाण करणारा स्वतः निस्तरतो ते स्वच्छ काम. ज्याची घाण खालच्या माणसाकडे ढकलली जाते ते काम पांढऱ्या कपड्यात केलं तरी घाणेरडं. ऑईलचा सदरा आईनं किंवा बायकोनं घासायचा आणि आपण श्रमाच्या प्रतिष्ठेवर भाषण द्यायचं, हेही त्यातलंच. वापरलेलं ऑईल नियमानं घातक कचऱ्यात मोडतं. परवानाधारक लोक ते नेऊन पुन्हा शुद्ध करतात. डब्यात साठवून मोठ्या गॅरेजच्या पिंपात नेऊन ओतायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास हौसेतच धरायचा.

मित्रांनो, माझी सूचना मोठी नाही. प्रत्येक वस्तीत विहाराच्या कपाटात पान्यांचा एक डबा, एक प्लग पाना, एक फिलर गेज आणि जुन्या ऑईलचा एक कॅन ठेवू या. रविवारी वंदना झाली की दोन तास गाडी उघडू या. पोरींनाही बसवू या, नुसतं चहा करायला नाही. गॅरेजातल्या त्या पोराला मास्तर म्हणून बोलवू या, त्याच्या खऱ्या नावानं हाक मारू या आणि बदल्यात त्याला दहावीचा फॉर्म भरायला लावू या. त्याच्या हातात जे आहे ते आपल्याला पाहिजे, आपल्या वहीत जे आहे ते त्याला पाहिजे. एका माणसाजवळ हात आणि दुसऱ्याजवळ कारण, ही वाटणी आपल्या वस्तीत तरी मोडायला सुरुवात करू या.

जयभीम.