आधीं माघार कोणी घ्यावी?

बांधावरून भांडलेल्या दोघां भावांस समेट हवा असतो. परंतु पहिलें पाऊल मागें कोणी घ्यावें, येथेंच सर्व अडतें. मोठमोठ्या सत्तांचेंहि असेंच होतें. आपल्या मुलखांतलीच एक गोष्ट पाहूं.

३१ डिसेंबर १८०२ रोजीं दुसऱ्या बाजीरावानें वसईस इंग्रजांशीं तह केला. तो दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांस रुचला नाहीं. पुढच्या वर्षीं दोघांच्या फौजा निजामाच्या सरहद्दीजवळ जमल्या. युद्ध कीं सलोखा, असें इंग्रज वकील कर्नल कॉलिन्स यानें शिंद्यांस विचारलें. भोसल्यांच्या भेटीनंतर सांगूं, असें उत्तर मिळालें. भेट झाली, खलिते गेले व आले. पेंच मात्र सुटेना. जनरल वेलस्ली म्हणे, तुम्ही आपापल्या मुलखांत परत जा, मग मी फौज मागें नेतों. ते म्हणत, तुम्ही आपल्या ठाण्यांवर जा, म्हणजे आम्ही बऱ्हाणपुरास जातों. बऱ्हाणपूर तर सरहद्दीजवळच, असा इंग्रजांचा आक्षेप. शेवटीं ३ ऑगस्ट १८०३ रोजीं कॉलिन्स छावणी सोडून निघाला.

त्याच महिन्यांत अहमदनगरचा किल्ला पडला व वेलस्ली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, आला. २३ सप्टेंबरला जालन्याच्या उत्तरेस असई येथें लढाई झाली. जिंकणाऱ्या इंग्रजांचेच सुमारें १,६०० लोक मेले किंवा जखमी झाले. डिसेंबरांत देवगांव व सुर्जी-अंजनगांव येथें तह झाले. जे बऱ्हाणपुरापलीकडे हटत नव्हते, त्यांस कटक, भडोच, अहमदनगर व गंगा-यमुनेचा दुआब सोडावा लागला.

मग दोष कोणाचा? दोघांचीहि भीति खोटी नव्हती. जो आधीं मागें सरतो तो फसूं शकतो, हें नाकारणें भोळेपणाचें होईल. परंतु दोन्ही बाजूंनीं “आधीं तूं” म्हटलें, तर तोफेवांचून दुसरा पंच उरत नाहीं. माझें मत असें कीं, फसवणूक सोसण्याचें बळ ज्याच्या अंगीं अधिक, त्यानें आधीं सरावें. दुर्बळाची माघार त्याचा नाश करील. बलवानाची माघार त्यास थोडें नुकसान देईल, इतकेंच. म्हणून पहिल्या पावलाचें ओझें बलवानावर अधिक आहे.

असईच्या शेतकऱ्यांस कोणी कांहीं विचारलें नव्हतें. तुडवलीं गेलीं तीं मात्र त्यांचीं शेतें. घरांतहि थोरले भांडतात आणि उपाशी लेंकरें निजतात. तेव्हां पुढल्या खेपेस बांधावर उभें राहिल्यावर, खरें कोणाचें, हें विचारण्याआधीं आपण स्वतःस विचारावें: आम्हां दोघांत बळकट कोण? उत्तर “मी” असें आलें, तर आधीं मागें सरणें हें माझें काम आहे.