क्वचित दिसणारा दोष

जे कार्य नित्य घडते त्याचे कारण शोधणे फारसे कठीण नसते. परंतु जे कधी घडते आणि कधी घडत नाही, त्याच्यापुढे विचारी माणूसही थकून दैवाकडे बोट दाखवतो, आणि कार्यकारणभावावरील त्याच्या निष्ठेची खरी कसोटी अशाच ठिकाणी लागते.

खडी भरून कसारा घाट चढणारा एखादा डिझेल ट्रक घ्या. सपाटीवर तापमानाचा काटा जागचा हलत नाही, चढावर मात्र एखाद्या दिवशी तो तांबड्या पट्ट्यात शिरतो, आणि गाडी गॅरेजच्या दारात येऊन उभी राहीपर्यंत पुन्हा खाली उतरलेला असतो. पाणी पुरेसे, पंप चालू, पंख्याचा पट्टा ताठ. मग मालकाच्या तगाद्यापायी थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा हुकूम सुटतो. सुमारे 80 अंश सेल्सिअसला उघडणारी ती झडप गेल्याने इंजिन सपाटीवर गरजेपेक्षा थंड चालू लागते, घाटातले तापणे तसेच राहते, आणि ज्याच्याविरुद्ध कसलाही पुरावा नव्हता त्याला शिक्षा होते.

धुरावरून अग्नीचे अनुमान होते, पण अग्नीवरून धुराचे होत नाही, कारण तप्त लोहगोलात अग्नी असूनही धूर नसतो, असे आपल्या नैयायिकांनी दाखवून दिले; धुराला ओल्या इंधनाचा संयोग लागतो आणि या अटीस त्यांनी उपाधी म्हटले. क्वचित दिसणारा दोष म्हणजे अकारण घडणारा दोष नव्हे. त्याचे कारण नित्य हजर असून उपाधीची वाट पाहत असते. घाटातल्या ट्रकाच्या बाबतीत ती उपाधी म्हणजे भार, चढ आणि इंजिनाच्या वाढलेल्या फेऱ्या.

म्हणूनच जाणता मिस्त्री उभ्या गाडीवर निकाल देत नाही. इंजिन चांगले तापू देऊन तो रेस वाढवतो आणि रेडिएटरच्या खालच्या होज पाईपवर नजर ठेवतो. मऊ पडलेला तो पाईप पंपाच्या ओढीने दोन्ही बाजूंनी आत बसतो, पाण्याची वाट अडते, आणि रेस सोडताच पाईप फुगून पूर्ववत गोल दिसू लागतो. येथेही तो थांबत नाही. रेडिएटरच्या नळ्या गाळाने तुंबल्या असल्या तरी पाईप असाच ओढला जातो, हे ठाऊक असल्याने नवा पाईप घालून, तोच भार आणि तोच चढ देऊन, तो गाडी पुन्हा पारखतो. कारण असता कार्य असणे हा अन्वय, कारण नसता कार्य नसणे हा व्यतिरेक. दोहोंची खात्री पटल्यावाचून त्याचा फैसला होत नाही.

घाट चढून आल्यावर चालकाने इगतपुरीच्या घाटनदेवीला हात जरूर जोडावेत, कारण प्रवासातले सारेच माणसाच्या ताब्यात नसते. परंतु जे तपासणे आपल्या हाती आहे, ते न तपासता तिच्यावर सोपवणे याला भक्ती म्हणता येणार नाही, ती कसूरच होय.