जगात जर्मनी, अंगणात गट्टू

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे परभणीकर पाहुण्याला पाण्याच्या तांब्यासोबतच ऐकवतो. ते कुठून आलं यावर दोन परभणीकरांचंही एकमत होत नाही, आणि तो वाद मिटावा असं कुणाला वाटतही नाही. मला त्यातली जर्मनी हवी आहे. क्रेफेल्ड नावाच्या तिथल्या एका शहरात कीटकांचा नाद असलेल्या मंडळींची एक जुनी संस्था आहे. बरेचसे सभासद हौशी. त्यांनी राखीव निसर्गक्षेत्रांत तंबूसारखे जाळीचे सापळे लावले, त्यात सापडलेले उडते कीटक बाटल्यांत भरले आणि तोलून नोंदी ठेवल्या. ६३ ठिकाणच्या, २७ वर्षांच्या नोंदींचा हिशेब २०१७ मध्ये छापून आला. वजन तीन चतुर्थांशाहून जास्त घटलं होतं. जागा राखीव होत्या, फवारणीची शेतं नव्हेत. तरी ही गत.

परभणीत किडे कुणी तोलले नाहीत. पण पेरा बघितला तरी पुष्कळ कळतं. तीसेक वर्षांपूर्वीचं शिवार आठवतं त्याला विचारा. खरिपात ज्वारी, कापूस, तूर, मूग, उडीद, मधूनच तिळाचं तास, धुऱ्यावर अंबाडी. रब्बीत जवस, आणि ज्वारीच्या रानात जनावरं शिरू नयेत म्हणून करडईची काटेरी कड. यातलं एक फुलून जाईपर्यंत दुसरं फुलायला यायचं, आणि माश्यांची पंगत महिनोन्‌महिने उठायची नाही. करडई तर इथल्या कृषी विद्यापीठाचं लाडकं पीक. तिच्या एका वाणाचं नावच ‘परभणी कुसुम’. आज श्रावणात वसमत रोडने बाहेर पडलं की नजर पोचेल तिथवर सोयाबीन. त्याचं फूल इवलंसं, बहुतेक वेळा पुरतं उमलण्याआधीच स्वतःचं स्वतः फळून मोकळं होणारं. त्याला माशीची गरज नाही आणि माशीलाही त्यात फार काही मिळत नाही. शेतकऱ्याला नावं ठेवायची सोय नाही. सोयाबीन शंभरेक दिवसांत रान मोकळं करतं, नगद पैसा देतं. करडईचे काटे खात काढणी करायला मजूर येत नाही. ज्यांनी तेल पामचं खाल्लं त्यांनी करडईसाठी रडू नये.

शिवारातली पंगत उठली, म्हणून शहराच्या कडेच्या अंगणाला एक नवं काम येऊन पडलं आहे. जिंतूर रोड, गंगाखेड रोड, वसमत रोड. जिकडे जावं तिकडे कालचं रान आज एनए लेआऊट झालेलं. प्लॉट लहान असला तरी घराभोवती चार-पाच फूट जागा सुटते. ती सुटली की पहिला फोन गट्टूवाल्याला. गेटपासून मागच्या भिंतीपर्यंत लाल-करडे गट्टू, भिंतीला टेकून शोभेच्या कुंड्यांची ओळ, आणि भर चैत्रात बोअर चालू करून नळीने गट्टू धुणं. चिखल नको, गवत नको, विंचू-काटा नको हे मला कळतं. काळ्या मातीत पावसाळा काढलेल्या माणसाला, चपलेला चार किलो चिखल घेऊन घरात शिरलेल्या माणसाला, गट्टू म्हणजे वर्षानुवर्षांच्या त्रासातून सुटका वाटते. त्याला ‘निसर्गाकडे परत चला’ म्हणणारा बहुधा पुण्यात राहत असतो.

पण गट्टूखाली काय गेलं हेही बघायला हवं. मधमाशी म्हटलं की आपल्याला पोळं दिसतं. जगात मधमाश्यांच्या वीस हजारांवर जाती आहेत. त्यातल्या बहुतेक पोळं बांधत नाहीत, मध साठवत नाहीत, एकेकट्या राहतात. आणि त्यांतल्या बऱ्याच जणी उघड्या, टणक, उन्हातल्या जमिनीत पेन्सिलीएवढं बीळ करून त्यात अंडी घालतात. जुन्या घरांच्या पांढऱ्या मातीच्या भिंतीही त्यांना चालायच्या. माळवदं पाडून स्लॅब आले तेव्हा भिंती गेल्या, गट्टू आले तेव्हा जमीन गेली. म्हणजे ज्या अंगणात फुलझाडांच्या वीस कुंड्या आहेत आणि वीतभर उघडी माती नाही, तिथे माशीला जेवण आहे, घर नाही.

जर्मनीतही हेच झालं होतं. घरापुढची बाग काढून तिथे खडी पसरायची टूम निघाली. राखायला सोपी, दिसायला नेटकी. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने २०२० मध्ये कायद्यातच लिहून टाकलं की घरापुढे अशी खडी चालणार नाही. त्याआधी, २०१९ च्या कडाक्याच्या थंडीत, बव्हेरियात मधमाश्या वाचवण्याच्या मागणीवर सतरा लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या, त्याही नगरभवनापर्यंत स्वतः जाऊन. आपल्याकडे असा कायदा यावा असं मला वाटत नाही. आला तर गट्टू निघणार नाहीत, फक्त एक दाखला वाढेल.

तिकडचे सगळे सल्ले इकडे लागूही पडत नाहीत. इंग्लंडात मे महिनाभर हिरवळ कापू नका अशी मोहीम चालते. परभणीत मे महिन्यात कापायला असतं काय? जमिनीला हात जाईल अशा भेगा पडलेल्या असतात. आपलं फुलांचं वेळापत्रक वेगळं आहे. उन्हाळा झाडांचा: पाडव्याच्या सुमारास कडुनिंब, मग बहावा, मृगाच्या आगेमागे चिंच. पाऊस पडल्यावर पाळी येते जमिनीलगतच्या बारक्यांची. भादव्यानंतर बोर, थंडीत आंब्याचा मोहर, आणि आंब्याला तर मधमाशीपेक्षा साध्या माश्यांचाच आधार जास्त. म्हणून इथल्या अंगणात उन्हाळी फुलांच्या वाफ्याला टँकरचं पाणी घालणं ही हौस झाली. माशीच्या कामाचा एक कडुनिंब. तो पाणी मागत नाही. फक्त पानं गाळतो, आणि तेवढ्यासाठी कॉलन्यांत किती कडुनिंब तोडले जातात ते बघवत नाही.

खरं तर फार काही लावावंही लागत नाही. जे आहे ते पुरतं फुलू द्यावं लागतं. तुळशीच्या मंजिऱ्या आपण खुडतो, झाड टिकावं म्हणून. दारची खुडावी, पण भिंतीकडेला एक-दोन तुळशी मोकळ्या सोडाव्यात. सकाळी नऊच्या उन्हात तिथे एक माशी येते, पोटावर चकचकीत निळे पट्टे असलेली. ती कुठे निवांत बसत नाही. झटक्याने पुढे, झटक्याने मागे, आणि आवाज साध्या माशीपेक्षा चढा. यांतले नर रात्री बिळात जात नाहीत. संध्याकाळी एखादी वाळकी काडी निवडतात, जबड्याने ती घट्ट धरतात आणि पाय आखडून, अंग हवेत ठेवून तसेच झोपतात, कधी एका काडीला ओळीने चार-पाच. आपण स्वच्छतेच्या भरात काढून टाकतो ती हीच काडी.

वांग्याचं फूलही एकदा जवळून बघावं. मधली पिवळी नळी म्हणजे परागकोश, पण त्याला उभी चीर पडत नाही. टोकाला फक्त बारीक भोक असतं, मिठाच्या डबीसारखं. पराग हवा असेल तर हलवावं लागतं. पोळ्यातल्या मधमाशीला ही विद्या येत नाही. काळा सुतारी भुंगा येतो, फुलाला मिठी मारतो, पंख मिटलेलेच ठेवून उडायचे स्नायू थरथरवतो. फूल गुणगुणतं आणि पिवळी भुकटी त्याच्या छातीवर सांडते. भुंगा नसला तरी वाऱ्याने हलून वांगी लागतात. तो असला की जास्त लागतात आणि चांगली भरतात. त्याला राहायला वाळलेलं लाकूड किंवा बांबू हवा. मांडवाचा जुना बांबू भंगारात न देता वळचणीला टांगला तर भाड्याशिवाय बिऱ्हाड मिळतं. दोडक्याची तऱ्हा आणखी वेगळी. त्याची फुलं दिवस कलताना उमलतात, दुधी भोपळ्याची त्याच सुमारास, आणि त्यांच्याकडे येणारे पाहुणे तिन्हीसांजेचे नि रात्रीचे पतंग. नेमकी तीच वेळ डासांच्या धुराच्या गाडीची असते. मग ‘वेलीला कळ्या येतात आणि गळतात’ अशी तक्रार घेऊन माणूस औषधाच्या दुकानात जातो आणि आणखी एक बाटली आणतो.

फुलपाखरांची बाजू जरा अवघड. फुलपाखरू सगळ्यांना हवं, अळी कुणालाच नको. लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या कोवळ्या पानांवर चिमणीच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी म्हणजे उद्याचं फुलपाखरू. रुईवर वाढतो तो काळ्या-पांढऱ्या कडांचा नारिंगी, तरोट्यावर पिवळे. रुई आपण शनिवारी मारुतीपुरती शोधतो. आघाड्याचीही तीच कथा. श्रावणात अंगणातून उपटून फेकायचा आणि महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी बाजारातून जुडी विकत आणायची. कंबरमोडी, केना, कुर्डू, घोळ यांना उन्हापावसात कुणी पाणी घालत नाही, तरी बारक्या माश्यांचं आणि पाखरांचं निम्मं पोट यांच्यावर चालतं. नर्सरीतला टपोरा हजारी झेंडू दिसायला भरगच्च, पण पाकळ्यांच्या त्या गर्दीत माशीला सोंड घालायला जागा राहत नाही.

म्हणजे सगळंच वाढू द्यावं असं नाही. गाजरगवत उपटलंच पाहिजे, तेही फुलायच्या आत आणि हातमोजे घालून. ते खाणारे मेक्सिकन भुंगे विद्यापीठात वाढवतात, पण अंगणापुरते आपले दोन हात पुरेत. सापाची भीतीही खोटी नाही. घोणस आणि फुरसं असलेल्या जिल्ह्यात दाराशी गुडघाभर गवत ठेवायला कुणी सांगू नये. पायवाट स्वच्छ, उंबऱ्याजवळ उघडी जमीन, आणि रानपण असलं तर कंपाउंडच्या कडेला, वावभर. शेजारी विचारतातच, ‘अहो, गवत काढायला माणूस मिळेना का?’ या प्रश्नाची लाज भल्याभल्यांना खुरपं हातात घ्यायला लावते. मला वाटतं, पैसा, पाणी, जागा या सगळ्या अडचणींहून ही लाज मोठी आहे.

अशा अंगणांनी जिल्हा वाचेल का? नाही. बारक्या माश्या काही शे मीटरच्या पलीकडे जात नाहीत, आणि त्यापुढे ज्या औषधांचं राज्य आहे, त्यांतल्या तिघांना युरोपने २०१८ मध्ये उघड्या शेतातून हद्दपार केलं. थायमेथोक्झाम आणि इमिडाक्लोप्रिड ही नावं आपल्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात विचारून बघा. पण शहराच्या कडेचं शेवटचं अंगण आणि पहिलं शेत यांत पुष्कळदा एक तारेचं कुंपणच असतं. त्या शेतात सोयाबीनच्या मधे तुरीची तासं असतात, आणि तूर फुलते तेव्हा तिच्यावर काम करणारे दोघे: सुतारी भुंगा, आणि गुलाबाच्या पानाला नाण्याएवढी गोल कात्री लावणारी पानकापी माशी. गुलाबाचं पान कातरलेलं दिसलं की फवारा काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. माशीचं काम माणसाने करायचं म्हटलं तर काय पडतं, हे बघायला जालन्याकडे किंवा देऊळगाव राजाच्या बीजप्लॉटांवर जावं. तिथे संकरित बियाण्यासाठी बायका आज एकेका कळीचे पुंकेसर काढतात आणि उद्या सकाळी एकेका फुलाला पराग लावतात. क्रॉसिंग म्हणतात त्याला. बियाणं महाग विकतं म्हणून ती मजुरी परवडते. दोडक्याला आणि तुरीला ती कोण देणार?

ज्यांचे गट्टू बसायचे आहेत त्यांच्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट. गट्टूवाला चौरस फुटाने पैसे घेतो. गाडी उभी राहील तेवढे आणि दारापर्यंतच्या वाटेचे बसवा, भिंतीलगतची दीड फुटाची पट्टी चारी बाजूंनी सोडायला सांगा. तो म्हणेल, ‘साहेब, फिनिशिंग येणार नाही.’ पट्टीच्या कडेला विटांची एक आडवी ओळ लावून घ्या, फिनिशिंग येतं. बिल कमी होतं, पावसाचं पाणी तिथेच जिरतं, आणि आघाडा पुढच्या वर्षी विकत आणावा लागत नाही.