फिका चहा

नागपूरच्या धंतोलीत दवाखाने इतके, की ऑटोवाल्याला गल्ली सांगावी लागत नाही. डॉक्टरांचं नाव पुरतं. तिथल्या स्टँडवर एक भाऊ होते. अंगानं काटकुळे, चाळिशी उलटलेली. शुगरच्या पेशंटांची ने-आण करता करता निम्मे डॉक्टर झालेले, निदान त्यांना तसं वाटायचं. एका नेहमीच्या काकूंना ते बजावत, "गोड सोडा काकू. माझ्याकडे पाहा, कधीचा फिका चहा पितो. मले काय होते जी शुगर!" आणि तंबाखूचा खर्रा घोटायला घेत.

काकूंना शुगर तपासणीच्या मोफत शिबिरात सोडलं, तेव्हा भाऊंनीही गंमत म्हणून बोट पुढे केलं. शुगर निघाली.

गोळ्या त्यांनी इमानदारीनं घेतल्या. तीन महिन्यांनी एचबीए१सी, म्हणजे तेवढ्या काळातली सरासरी साखर, पाहिलं, तर अजून ९. "गोळ्याच बोगस हाय," भाऊ म्हणाले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आ करा." हिरड्या लालभडक, सुजलेल्या, दाबल्या की रक्त.

"हे कधीपासून?"

"लय वर्सं झाले. पण दुखत नाही ना जी."

"दुखलं असतं तर बरं झालं असतं भाऊ. तेव्हाच आले असते तुम्ही."

जखमेवर सूज येते आणि काम झालं की उतरते. पण हिरडीतले जंतू, पोटातली चरबी, तंबाखू यांच्यापायी ती कधी उतरतच नाही, राखेखालच्या निखाऱ्यासारखी धुमसत राहते. संरक्षक पेशींनी सोडलेली रसायनं रक्तातून अंगभर फिरतात आणि स्नायू, यकृत इन्सुलिनला दाद देईनासे होतात. स्वादुपिंड जास्त इन्सुलिन ओतून काही वर्षं निभावतं, मग थकतं. साखर चढली की हिरड्या आणखी सडतात. सूज उतरवणाऱ्या सॅलिसिलेटनं (अ‍ॅस्पिरिनच्या जातीचं औषध) मधुमेह्याच्या लघवीतली साखर घटते, हे जर्मन डॉक्टर एबश्टाइन यांनी १८७६ मध्येच नोंदवलं होतं. कारण कळायला शतक उलटलं. १९९३ मध्ये लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा हे दाहक रसायन सापडलं. (म्हणून कोणी शुगरसाठी अ‍ॅस्पिरिन गिळत बसू नये.)

"पण मी तर बारीक हाय!" भाऊंचा शेवटचा मुद्दा.

बाईंनी त्यांना पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांची गोष्ट सांगितली. दोघांचाही बीएमआय २२.३. मोजलं तर युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. त्या दोघांचा फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. आपल्याकडचा बारीक माणूस आतून बारीक असेलच असं नाही. भाऊंनी शर्ट वर करून आपल्या सुटलेल्या पोटाकडे पाहिलं आणि गप्प बसले.

मेडिकलकडच्या सरकारी डेंटल कॉलेजात त्यांचे दात मुळापर्यंत खरवडून साफ झाले. खर्रा सुटायला जास्त त्रास झाला. दोनदा सुटला आणि दोनदा परत लागला, मग एकदाचा सुटला. पुढच्या वेळी एचबीए१सी ८.१ आलं. हिरड्यांच्या उपचारानं ते साधारण अर्ध्या टक्क्यानं उतरतं, असं अनेक चाचण्यांत दिसलंय. बाकीचं खर्रा सोडल्यानं की आणखी कशानं, ते बाईंनी काही वाटून दिलं नाही. गोळीही बंद केली नाही.

तुम्हाला शुगर असेल, तर पुढच्या वेळी डॉक्टरांना फाइलीसोबत हिरड्याही दाखवा. ते विसरले, तर तुम्ही आठवण करून द्या.