शोक हे अज्ञान आहे काय?

वारकरी माउलींनो, चाळीस वर्षे कीर्तनसेवा केली. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून लेखणीने सेवा रुजू करतो. आज एका शंकेचा विचार करू. हरिभक्ताने आपल्या माणसासाठी रडावे की नाही?

पूर्वी माझे उत्तर ठरलेले असे. दशक्रियेच्या प्रवचनाला नदीकाठी उभा राहिलो की गीतेचा दुसरा अध्याय काढायचा, आत्म्याचे अमरत्व सांगायचे आणि रडणाऱ्याला अज्ञानी ठरवायचे. एकदा तरुण मुलगा गमावलेल्या एका म्हाताऱ्या आईला मी चारचौघांत म्हणालो, "आई, देह नाशिवंत आहे, कशाला रडता?" तिने पदर तोंडात धरला आणि ती गप्प झाली. मला वाटले, बोध झाला.

चार वर्षांपूर्वी आमच्या घरची माउली गेली. सगळी प्रमाणे मुखोद्गत होती. पण पहाटे उठून चहा ठेवला की हात दोन कप मांडी. दुसरा कप परत ठेवताना ती म्हातारी आठवली. तिला बोध झाला नव्हता. माझ्यामुळे तिला लाज वाटली होती.

मग ग्रंथ पुन्हा उघडले. गीतेचा पहिला अध्याय अर्जुनाच्या विषादाचा आहे, आणि त्या विषादालाही 'योग' म्हटले आहे. भगवंतांनी त्याचा विलाप ऐकून घेतला. मी शिष्य आहे, मला शिकव, असे त्याने म्हटल्यावरच आत्म्याचा उपदेश केला. मी मात्र पहिला अध्याय गाळून दुसरा सांगत होतो.

तसेच संतांचे. शके 1218, म्हणजे इसवी सन 1296 मध्ये ज्ञानोबारायांनी आळंदीला समाधी घेतली. नामदेवरायांनी समाधीच्या अभंगांत तो प्रसंग वर्णिला आहे. तेथे संतमंडळी रडतात, आणि ज्यांनी ज्ञान दिले ते निवृत्तिनाथही गहिवरतात. गुरूचा धीर सुटतो, तर आपण कोण?

माझी नात मानसशास्त्र शिकते. ती सांगते, कुब्लर-रॉस या डॉक्टर बाईंनी 1969 साली मरणोन्मुख रुग्णांशी बोलून पाच अवस्था मांडल्या: नाकारणे, राग, देवाशी सौदा, खिन्नता आणि स्वीकार. पण प्रत्येकाने त्याच क्रमाने जावे असा नियम नाही. आणखी एक गोष्ट तिने सांगितली. गेलेल्याशी नाते तोडावे लागत नाही, त्याचे रूप बदलते. मी हसलो. कावळा पिंडाला शिवेना की आपण हात जोडून म्हणतो, "काळजी करू नका, पोरांचे आम्ही बघू." ते दुसरे काय असते?

म्हणून माझे आजचे उत्तर असे: रडणे हे अज्ञान नव्हे, ते प्रेमाचे ऋण आहे. अश्रूंनी ते थोडे फिटते. उरलेले सेवेने आणि नामाने फेडावे. मात्र कोणी महिनोन्महिने अन्नावरची वासना गमावून कोपऱ्यात बसले असेल, तर त्याला डॉक्टरांकडेही न्यावे. नामाचे आणि औषधाचे वैर नाही.

आणि आपल्या स्वतःच्या मरणाचे? घरातला म्हातारा "माझे आता थोडेच दिवस" म्हणाला की मुले म्हणतात, "अभद्र बोलू नका." ती प्रेमानेच बोलतात, पण म्हातारा एकटा पडतो. त्याला कोणाची क्षमा मागायची असते, कोणाला काही सोपवायचे असते. तो जुन्याच गोष्टी पुन्हा सांगतो, कारण तो आयुष्याचा हिशेब मांडत असतो. त्याला बोलू द्या. मीही परवा मुलाला जवळ बसवून सांगितले, शेवटी टाळ कोणाला द्यायचे ते. तो रडला. मी त्याला थांबवले नाही.

त्या म्हाताऱ्या आईची क्षमा मागायची राहिली. गावी गेलो तेव्हा ती गेली होती. तुमच्या दिंडीत असे कोणी असेल, तर त्याला प्रमाण सांगू नका. चार पावले त्याच्याबरोबर चाला.

रामकृष्ण हरी.