उशिरा उघडलेले दार

अमेरिकेतल्या ‘बॉय स्काऊट्स’ या मुलांच्या संघटनेने 8 फेब्रुवारी 2025 पासून नावातला ‘बॉय’ काढून टाकला. आता ती ‘स्काऊटिंग अमेरिका’. मुलींना आत घेण्याचा निर्णय 2017 मध्येच झाला होता. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी नाके मुरडली. मी टाळ्या वाजवणाऱ्यांतला. पण त्या गलबल्यात मुलींचीच एक तक्रार बुडून गेली. तिथे 1912 पासून चालत आलेली ‘गर्ल स्काऊट्स’ ही संघटना 2018 मध्ये कोर्टात गेली. कागदोपत्री भांडण नावाच्या वापराचे होते आणि पुढे दावा फेटाळलाही गेला. मनातली सल वेगळी असणार: इतकी वर्षे दाराबाहेर ठेवलेत म्हणून आम्ही आमचे घर बांधले, आता तुमचे सभासद घटले, तेव्हा आमच्या मुली आठवल्या?

आपल्याला ही सल ओळखू यायला हवी. हिंदुस्थानात 1909 मध्ये स्काऊटिंग आले ते गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरते. हिंदी पोरांना नकाशे, खुणा आणि शिस्त शिकवली तर उद्या ती आपल्यावरच उलटतील, अशी सरकारला धास्ती. (धास्ती अगदीच अनाठायी होती असे नाही.) मग श्रीराम बाजपेयींनी 1913 मध्ये शाहजहानपूरला आपले पथक काढले, ॲनी बेझंट यांनी 1916 मध्ये मद्रासेत हिंदी मुलांची संघटना उभी केली आणि मदनमोहन मालवीय व हृदयनाथ कुंझरू यांनी अलाहाबादेत सेवा समितीची पथके बांधली. स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल 1921 मध्ये इथे आले तोवर बाहेरची पोरे चांगलीच रुळली होती. दार उघडले ते त्यानंतर.

बेझंटबाईंची संघटना आत गेली. सेवा समिती गेली नाही. राजाशी निष्ठेची शपथ तिला मान्य नव्हती. समितीला तेव्हा आडमुठी म्हणणारेही असतील. मला तिचेच बरोबर वाटते. आत येण्याचे आमंत्रण देताना शपथ मात्र यजमानाच्या सोयीची, हे आतिथ्य नव्हे. पुढे 1937 च्या सुमाराला बेडन-पॉवेल यांनी हिंदी माणसांच्या चारित्र्याविषयी अनुदार उद्गार काढले आणि 1938 मध्ये अनेकांनी बाहेर पडून हिंदुस्थान स्काऊट संघटना काढली. सगळे एका छताखाली आले ते स्वराज्यानंतर, 7 नोव्हेंबर 1950 रोजी, ‘भारत स्काऊट्स आणि गाईड्स’ म्हणून. राजा शपथेतून गेला, देश आला. मुलींची गाईड संघटना 15 ऑगस्ट 1951 रोजी सामील झाली.

मुलींची कथाही तितकीच जुनी. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या 1909 च्या मेळाव्यात काही मुली स्काऊटची टोपी घालून आपणहून हजर झाल्या. त्यांना मुलांत घेतले नाही. ‘गाईड’ नावाची वेगळी चूल मांडून दिली. त्या चुलीवर जे शिजले ते मात्र कमी प्रतीचे नव्हते. पुण्यात 1966 मध्ये सुरू झालेले गाईड चळवळीचे जागतिक केंद्र ‘संगम’ पाहावे. देशोदेशींच्या मुली तिथे येऊन राहतात, पुण्यातल्या सेवासंस्थांत काम करतात. अशी घरे मुलांच्या संस्थेत विरघळवून टाकली, तर तिला समता म्हणायचे का?

दाराचा प्रश्न इतरत्रही आहे. सौदी अरेबियात स्काऊट संघटना 1961 मध्ये निघाली. शपथ अल्ला, राजा आणि देशाची. हजच्या दिवसांत वाट चुकलेल्या हाजींना तंबूपर्यंत पोहोचवण्याचे काम तिचे स्काऊट करतात. वाट चुकलेला म्हातारा सौदीतल्याच अबहा-खमीस मुशैतचा असो की बीड-परभणीचा, सेवा सर्वांची होते. सभासदत्वाला मात्र सगळीकडेच उंबरा असतो. संस्थेची नीती जोखायची तर मी आधी तो उंबरा पाहतो.

आपल्याकडे मुलगे स्काऊट, मुली गाईड. संस्था एक, पथके दोन. गाईडचे पथक चालवायला गाईड कॅप्टन, म्हणजे प्रशिक्षण घेतलेली बाई लागते. एखाद्या आडगावच्या शाळेत गुरुजी स्काऊट मास्टर असतात आणि बाईंची बदली झालेली असते. मुलींना कुणी मनाई केलेली नसते, संस्थेच्या घटनेत त्यांचे स्थान बरोबरीचे असते, आणि तरी शनिवारी सकाळी मैदानावर फक्त मुलगे गाठी बांधायला शिकतात. या दाराला कुलूप नाही, त्यामुळे ते बंद आहे हे कुणाच्या अहवालातही येत नाही. बाईंच्या जागी दुसऱ्या बाईंना प्रशिक्षणाला कधी पाठवणार, हे मुख्याध्यापकांना विचारायला हवे, आणि ते पालकांनी विचारायला हवे.