न केल्याचा दोष

मनुष्याने केलेल्या कृत्याचा दोष चारचौघांच्या डोळ्यांना तत्काळ दिसतो. परंतु करावयाचे ते न केल्यामुळे जी हानी होते ती बहुधा कोणाच्याच नावावर मांडली जात नाही. दुसऱ्यास पाण्यात लोटणारा अपराधी ठरतो, काठावर उभा राहून विचार करीत बसणारा पुष्कळदा सज्जनच राहतो. नीतिशास्त्रातील हा जुना प्रश्न वैद्यकाच्या एका नव्या प्रांतात किती तीव्रतेने उभा राहतो, हे वाचकांपुढे मांडावे असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हा प्रांत म्हणजे हृदयासाठी बसवलेल्या यंत्रास होणारा जंतुसंसर्ग. पेसमेकर बसवलेले कोणी ना कोणी वडीलधारे माणूस आता बहुतेकांच्या आप्तवर्गात असते. तेव्हा हा विषय कोणी परका समजू नये.

संपूर्णपणे शरीराच्या आत ठेवलेला पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोम येथे आर्ने लार्सन या ४३ वर्षांच्या गृहस्थास बसवण्यात आला. शल्यवैद्य सेनिंग आणि अभियंता एल्मक्विस्ट यांचे यंत्र तेव्हा पुरते सिद्धही झालेले नव्हते, व त्या कारणास्तव ते माघार घेऊ पाहत होते. परंतु दिवसातून अनेकदा पतीची शुद्ध हरपताना पाहणारी लार्सनची पत्नी काही केल्या हटेना. पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले. दुसरे बसवावे लागले. तो गृहस्थ पुढे २००१ पर्यंत जगला, आणि तेवढ्या आयुष्याला त्यास २६ यंत्रे लागली. सांगण्याचे तात्पर्य इतकेच की, यंत्र एकदा बसवले म्हणजे काम संपले असे होत नाही. बॅटरी संपली की छातीच्या त्वचेखालचा तोच कप्पा पुन्हा उघडावा लागतो, आणि पहिल्या खेपेपेक्षा अशा पुढच्या खेपांना जंतू शिरण्याची भीती अधिक असते.

हे जंतू बहुधा स्टॅफिलोकॉकस जातीचे, म्हणजे आपल्याच कातडीवर वस्ती करून असणारे. ते शिरूच नयेत म्हणून करावयाचा एक उपाय अगदी साधा आहे. ब्राझीलमध्ये ६४९ रुग्णांवर झालेल्या व २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, शस्त्रक्रियेच्या आधी शिरेतून प्रतिजैविकाची मात्रा दिलेल्यांत संसर्गाचे प्रमाण शेकडा ०.६३ निघाले, न दिलेल्यांत ३.२८. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मध्येच थांबवून सर्वांना औषध देणे भाग पडले. येथे कोणाला धर्मसंकट पडत नाही.

संकट पडते ते जंतू एकदा शिरल्यावर. धातूच्या वा तारेच्या निर्जीव पृष्ठभागावर ते चिकट थर तयार करून त्याच्या आड राहतात. रक्तातून येणारे औषध त्या थरात पुरेसे पोहोचत नाही आणि शरीराच्या संरक्षक पेशींचेही तेथे फारसे चालत नाही. म्हणून गोळ्या सुरू केल्या की लाली ओसरते, वेदना थांबते, घरात समाधान पसरते. आणि काही आठवड्यांनी वा महिन्यांनी तोच भाग पुन्हा सुजतो, किंवा तारेच्या वाटेने जंतू हृदयाच्या झडपेपर्यंत जातात. (एक गोष्ट जाता जाता सांगितली पाहिजे: यंत्रावरची त्वचा लाल झाली, ताणली गेली किंवा तेथून पाणी येऊ लागले, तर ते गळू समजून पोटीस बांधू नये, आणि सुई टोचून पू काढण्यास कोणाला परवानगी देऊ नये. कारण नसलेले जंतू त्या सुईनेच आत जातात. प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी रक्ताचे नमुने जंतुपरीक्षेसाठी गेले की नाही, हेही विचारावे.)

यावर आजच्या वैद्यकाचा निर्णय एकच आहे. संसर्ग कप्प्यात असो वा रक्तात, यंत्र आणि हृदयात गेलेल्या सर्व तारा समूळ काढावयाच्या. जो अवलंबूनच आहे त्यास तात्पुरत्या तारेवर व बाहेर ठेवलेल्या यंत्रावर सांभाळावयाचे, औषधे शिरेतून पुरी करावयाची, आणि रक्त निर्जंतुक ठरल्यानंतर गरज असेल तरच नवे यंत्र दुसऱ्या बाजूस बसवावयाचे. 'गरज असेल तर' हे शब्द महत्त्वाचे आहेत. पुष्कळांना ती उरलेली नसते. वर्षानुवर्षे आत राहिलेल्या तारा नीलेच्या भिंतीशी तंतूंनी जखडलेल्या असतात. त्या सोडवताना नीला किंवा हृदय फाटू शकते. अमेरिकेत लेसरच्या साहाय्याने तारा काढलेल्या १४४९ रुग्णांचा अहवाल २०१० साली निघाला. त्यात शेकडा ९७.७ जणांत कार्य साधले, आणि शेकडा १.४ जणांत गंभीर अपाय झाला.

आता पाहा. अमेरिकेतील वृद्धांच्या सरकारी विमायोजनेत २००६ ते २०१९ या काळात नोंदलेल्या दहा लाखांहून अधिक यंत्रधारकांचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी अकरा हजारांहून अधिक जणांस संसर्ग झालेला आढळला, आणि त्यांतील पाचांपैकी चौघांहून अधिक जणांची यंत्रे काढलीच गेली नाहीत. ज्यांची सहा दिवसांच्या आत काढली, त्यांच्यात मृत्यू कमी घडले. न काढलेल्यांत अधिक जर्जर रुग्ण असतील हे मान्य करून या आकड्यांतून काही वजा करावे. तरीही जे उरते ते थोडे नाही. नियम लिहिलेला आहे, साधन उपलब्ध आहे, देश श्रीमंत आहे, आणि तरी हात मागे का राहतो?

माझ्या मते त्याचे एक कारण लेखाच्या आरंभी सांगितलेलेच आहे. शस्त्रक्रियेच्या मेजावर रुग्ण दगावला तर शल्यवैद्याचे नाव त्या मृत्यूशी कायमचे जोडले जाते. गोळ्यांवर ठेवलेला रुग्ण तीन महिन्यांनी तापाने गेला, तर 'वय झाले होते' असे म्हणून सर्वजण उठतात, आणि गोळ्या लिहून देणारा उलट दयाळू म्हणवला जातो. शंभरांत एकदोघांना होणारा उघड अपाय आपणांस भिववतो. त्याहून कितीतरी मोठा, परंतु सावकाश येणारा धोका आपण नशिबाच्या खाती टाकतो. या दयेचा मोठा वाटा पाहणाऱ्याने स्वतःवरच केलेली दया असते, असे म्हणणे कठोर वाटेल. मला ते खरे वाटते.

दोष केवळ वैद्यांचा आहे असेही नाही. आपल्याकडे निर्णय बहुधा रुग्णालयाच्या व्हरांड्यात होतो. मुलगे, जावई, एखादे जाणते काका यांची मसलत होते, आणि ज्याच्या छातीत ते यंत्र आहे त्यास 'थोडी सूज आहे, औषध चालू आहे' इतकेच कळते. 'बाबांना कशाला घाबरवायचे?' हे वाक्य प्रेमाने उच्चारले जाते यात शंका नाही. पण ज्या मनुष्याने आयुष्यभर घराचे निर्णय घेतले, त्यास स्वतःच्या देहाविषयीच्या अखेरच्या मोठ्या निर्णयातून वगळण्याचा अधिकार प्रेमाने कोठून मिळतो? त्यात पैशाचा प्रश्नही असतो, व तो उघडपणे बोलला जात नाही. जुने काढणे, आठवड्यांचे औषध, पुन्हा नवे यंत्र, असा भार पेलत नाही तेव्हा 'शस्त्रक्रिया झेपणार नाही' हे कारण पुढे केले जाते. दुसऱ्यांच्या देहातून काढून निर्जंतुक केलेली १०६ डिफिब्रिलेटर यंत्रे ८१ भारतीय रुग्णांस बसवल्याचा आणि त्यांत यंत्रामुळे संसर्ग न झाल्याचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला आहे. खर्चामुळे अडलेल्या कुटुंबाने निदान आपली अडचण वैद्यांपाशी स्पष्ट बोलावी; तोडगा बोलल्यावरच निघतो.

कोणी विचारील, सर्व समजून घेऊनही एखाद्या पंच्याऐंशी वर्षांच्या वृद्धाने 'मला आता कापाकापी नको' असे म्हटले तर? तर ते मानावे. कारण तो निर्णय त्याचा आहे, आणि धोका जाणून घेतलेला आहे. अशा वेळी संसर्ग दाबून ठेवणारी औषधे चालू ठेवता येतात. ती रोग मिटवत नाहीत, हे मात्र त्यास व घरच्यांस स्पष्ट सांगितलेले असावे. जखमेची निगा राखता येते. आणि यंत्र विजेचा झटका देणारे असेल, तर शेवटच्या दिवसांत त्याने देहास व्यर्थ हिसके देऊ नयेत म्हणून ती योजना बाहेरून, कोठेही चीर न देता, बंद करता येते. ती केव्हा बंद करावी हे त्या वृद्धाची शुद्ध शाबूत असतानाच त्यास विचारून ठेवावे.